पाठ न टेकणारं गाव

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. आजोबांचा अंगठा, वडील सातवी, आणि मग एकदम मी. हे मी अजूनही कुणी न विचारता सांगतो. त्यामुळे नगरला शिकून मी बेलापूरजवळच्या आमच्या वस्तीवर परतलो, तेव्हा पदवीबरोबर आणखी काय शिकलो ते ऐकायला सगळं घर ओसरीवर बसलं होतं.

मी म्हणालो, "आयकिडो. जपानी विद्या आहे. समोरचा अंगावर आला की त्याच्याच जोरानं त्याला पाडायचं. पण आधी आपण नीट पडायला शिकायचं. पहिलं वर्षभर सरांनी मला नुसतं पाडलं."

वडील आईकडे वळले. "घे. नगरला ठेवून शिकिवलं, तर पोरगं पडायचं शिकून आलं. आपलं म्हातारं काय, न शिकताच मोरीत पडतंय."

ही गोष्ट जुनी. मागच्या वर्षी सर गेले. नगरमध्ये एका दुकानावरच्या हॉलमध्ये ते शिकवायचे. तो हॉल मालकानं परत घेतला आणि हॉलबाहेरची पाटी मॅडमनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, चादरीत गुंडाळून कपाटामागे ठेवली. वस्तीवर वर्ग काढायचा म्हणून मी ती मागायला गेलो.

मॅडम म्हणाल्या, "चार माणसं पडताना दाखव, मग ने. यांच्या नावाखाली रिकामी खोली मला नको. होळीच्या आधीच्या रविवारी मी शिर्डीला जाणार आहे, वाट वाकडी करून येईन. चार नसले तर पाटी परत कपाटामागे. पुन्हा मागू नकोस."

मी कबूल झालो. चार माणसं म्हणजे काय मोठं, असं मला वाटलं.

वडिलांनी रिकामी कांदाचाळ दिली. नवा कांदा निघेपर्यंत ती माझी. मधले बांबू काढले, खाली उसाचं पाचट पसरलं, वर ताडपत्री ताणली. पहिल्या दिवशी चाळीस माणसं आली आणि पडायला एकही तयार होईना.

आमच्याकडे कुस्ती आहे, हे मी पदवीच्या तोऱ्यात विसरलो होतो. कुस्तीत पाठ टेकली की माणूस संपला. तो तीस वर्षांनी मेला तरी दहाव्याला कुणीतरी काढतंच, "चांगला हुता बिचारा, पन त्या जत्रंत चीत झालता." आणि मी सांगत होतो की पाठ टेकवणं हाच पहिला धडा.

टेम्पोवाला पैलवान म्हणाला, "पाडा की मला. फक्त पाठ टेकवायची न्हाई."

टेलरचाचा म्हणाले, "मी एका कुशीवर पडतो, मास्तर. चालंल?"

दूध गोळा करणारा म्हणाला, "माझं काय न्हाई हो. पन बायको फटीतून बघती."

कांदाचाळीला भिंत नसते, नुसत्या फटी असतात, वारा लागावा म्हणून. मी आईच्या जुन्या साड्या लावून फटी झाकल्या. तर आत काहीतरी खरंच बघण्यासारखं चालत असणार अशी लोकांची खात्री पटली, आणि बाहेरची गर्दी दुप्पट झाली.

त्या गर्दीत नाना रोज असायचे. जत्रेतल्या कुस्त्यांचे जुने पंच. वय पंच्याहत्तरीच्या पुढं, गळ्यात अजून शिट्टी. नानांची पाठ कुठल्याही जत्रेत कुणी टेकवली नाही, हे आमच्याकडे पोरांना पाढ्यांच्या आधी सांगतात. आठवडाभर बघून त्यांनी मला विचारलं, "मास्तर, ह्यात जिंकतं कोन?"

"कुणी नाही, नाना. चारदा हा पडतो, चारदा तो. मग जोडी बदलायची."

"म्हंजी दोगंबी सारखंच पडत्यात?"

"सारखंच."

"मग येड्या, ही बरोबरीतली कुस्ती हाय! आदी सांगाया काय झालं हुतं?"

दुसऱ्या दिवसापासून नाना आत येऊन कांद्याच्या क्रेटवर बसले. चार-चार झालं की शिट्टी वाजवायचे, दोघांचेही हात वर करायचे आणि चाळीबाहेर ऐकू जाईल असं ओरडायचे, "कुस्ती बरोबरीत सुटली!" बाहेर टाळ्या. कुणाच्याच पाठीला बट्टा नाही. आठ दिवसांत अशी वेळ आली की टेम्पोवाला तक्रार घेऊन उभा, "नाना, मी तीनदाच पडलोय. माझी एक बाकी हाय."

मला मात्र लाज वाटायची. सरांच्या हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायचा एवढी शांतता, आणि इथे शिट्ट्या. मॅडम येणार त्या दिवशी तरी शिट्टी घरी ठेवा, असं मी नानांना विनवलं.

"ठिवतो. पडनार कोन मग?"

शिट्टी आली.

मॅडमही आल्या, गाडीच्या मागच्या सीटवर चादरीतली पाटी घेऊन. क्रेटवर बसल्या आणि मोजलं. टेलरचाचा, दूधवाला, शाळेचा शिपाई. "तीन. चौथा?"

"टेम्पोवाला घरी आहे, मॅडम. त्याला बघायला मुलीकडचे आलेत."

"आमच्या साखरपुड्याला हे क्लास संपवून आले होते," मॅडम म्हणाल्या आणि पर्स उचलली.

तेवढ्यात नाना उठले. टोपी काढून क्रेटवर ठेवली, गळ्यातली शिट्टी मॅडमच्या हातात दिली. "एवढी धरा, बाई. चौथा मी."

"नाना, वय बघा," मी म्हणालो.

"माती तशीबी बोलावतीच हाय. वाईच आदी जाऊन येतो."

त्यांनी माझं मनगट धरलं. अंड्यांचा ट्रे ठेवावा तसं मी त्यांना खाली ठेवलं. पाठ टेकली. साडीमागून एक बाई म्हणाली, "आगं बया, नाना चीत!"

नाना उठेनात. वर बघत पडून राहिले. मी त्यांच्यावर वाकलो.

मग म्हणाले, "मास्तर, पत्र्याला भोक हाय. तुज्या बापाला सांग, पावसाळ्यात कांदा सडंल."

आणि उठून त्यांनी मला असा आपटला की पाचट टोचलं. तो आयकिडो नव्हता, अस्सल कुस्तीचा डाव होता. पडल्यावर लक्षात आलं, या चाळीत मी पहिल्यांदाच पडलो होतो. इतके दिवस नुसता पाडत होतो, मास्तर म्हणून. सर साठीतही आमच्या हातून पडायचे. पत्र्याचं भोक मलाही दिसलं.

चार-चार झालं. दोघंही धापा टाकत उभे राहिलो. सगळे मॅडमकडे बघायला लागले.

"वाजवा की, बाई," नाना म्हणाले.

मॅडमनी बारीकशी शिट्टी वाजवली. मग पुढं येऊन आमचा एकेक हात वर केला. "बरोबरीत. असंच म्हणायचं ना?"

बाहेर टाळ्या. मॅडम टाळ्या थांबेपर्यंत हात सोडेनात. मग म्हणाल्या, "गाडीतून पाटी आण."

पाटी पत्र्याखालच्या आडव्या बांबूला टांगली. वडिलांनी ती वाचली, भोक बघितलं आणि म्हणाले, "कांदा आल्यावरबी राहू दे वर. कांदा खाली असतोय."

गाडी गेल्यावर कळलं, शिट्टी मॅडमच्या पर्समध्येच गेली. फोन केला तर म्हणाल्या, "राहू दे माझ्याकडे." आता नाना बोटं तोंडात घालून शिट्टी मारतात. पुढचे दात नाहीत, त्यामुळे नुसती हवा येते. पण तेवढ्या हवेवर आमची माणसं पडतात.