रिकामं ऐकणं

माणूस त्रेपन्नाव्या वर्षी नोकरी सोडून घरी बसला की लोक दोनच प्रश्न विचारतात. तब्येत बरी आहे ना? आणि आता दिवसभर करता काय? पाणीपुरवठा खात्यातल्या कानवाल्यांना हे दोन्ही प्रश्न इतक्यांनी विचारले की त्यांनी एकच उत्तर पाठ करून ठेवलं होतं. "यंत्रं आली हो. आता आमच्या कानांना कोण विचारतंय!"

यंत्रं आली होती हे खरंच होतं. पण कानवाले यंत्रांमुळे गेले नव्हते.

जमिनीखाली पाइप कुठे फुटलाय ते वर उभं राहून ऐकणं, हे त्यांचं काम. पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत, छातीइतकी उंच पोलादी काठी रस्त्यावर टेकवायची आणि तिच्या वरच्या टोकाच्या लाकडी वाटीला जिवाचा कान करून चिकटायचं. गळणारं पाणी बारीक 'सूं' करतं. सूं जिथे सगळ्यात मोठा, तिथे खडूची फुली. फुलीवर खणलं की पाणी हजर! सव्वीस वर्षं हे असंच चाललं. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं आणि बाकी सगळीकडे ते कानवाले झाले.

नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी एक नियम सांगत. "ऐकून झालं की काठी उचलायची, हवेत धरायची आणि पुन्हा ऐकायचं. आवाज थांबला तर तो पाइपचा. थांबला नाही तर तो तुझा." याला ते रिकामं ऐकणं म्हणत. नवी माणसं गालातल्या गालात हसायची आणि मग कानवाल्यांच्या शिव्या खायची.

नोकरीच्या शेवटच्या वर्षात त्यांच्या तीन फुल्या कोरड्या निघाल्या. तीनदा रस्ता उकरला, तीनदा खाली नुसती खडखडीत माती. "प्लॅस्टिकचे पाइप आलेत, आवाज भलतीकडेच नेतात," असं कानवाले म्हणाले, आणि त्यांच्या शब्दापुढे कोण बोलणार? स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज निघाले तेव्हा सगळ्यात आधी अर्ज भरणारे हेच.

बायकोला आभाळ ठेंगणं झालं. पहाटे तीनला उठणाऱ्या नवऱ्याशी संसार म्हणजे संध्याकाळी साडेसातला घरात निजानीज. सव्वीस वर्षांत तिनं एक सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नव्हता. शिवणयंत्राच्या खणात तिनं कॅलेंडरांतली चित्रं कापून साठवली होती, समुद्र, तळी, डोंगर. तिनं चाकांची बॅग आणली आणि एकच अट घातली.

"काठी घरी राहील."

"राहील ना," कानवाले म्हणाले. काठीचे तीन तुकडे सुटे होतात. ते त्यांनी बॅगेच्या तळाशी, बायकोच्याच शालीखाली ठेवले.

समुद्राकाठच्या लॉजमध्ये तिसऱ्या दुपारी ते भिंतीला कान लावून उभे असलेले तिला दिसले.

"अहो, हे काय?"

"अगं, भिंतीत गळतंय."

"गळू दे की. भिंत आपली आहे का?"

तेही हसले. तिच्याबरोबर वाळूत गेले, पाण्यात पाय बुडवून उभे राहिले. लाटांच्या आवाजात त्यांना बरं वाटत होतं. खोलीत आलं की पुन्हा सूं. निघताना त्यांनी मॅनेजरला सांगितलं, त्यानं मान डोलावली आणि टॅक्सीला हात केला.

घरी आले तर घरातही सूं. शेजाऱ्याच्या न्हाणीघरात गळतंय म्हणून त्यांनी शेजाऱ्याला प्लंबर आणायला लावला. काही सापडलं नाही, फक्त शेजारी जिन्यात भेटला की बोलायचा बंद झाला.

मग एका सकाळी ते सहज म्हणून ऑफिसात गेले. सहज म्हणजे नवा शर्ट घालून. निरोपाच्या दिवशी सगळे म्हणाले होते, "कधीही या, खातं तुमचंच आहे." त्यांच्या खुंटीवर कुणाचं तरी हेल्मेट होतं. त्यांचा चहाचा कप टेबलावर होता, पण त्यात पेनं उभी होती. पंधरा वर्षं त्यांच्याबरोबर फिरलेला जोडीदार आता कानांवर यंत्राचे हेडफोन लावून बसला होता. त्यानं उठून नमस्कार केला, कागदी कपात चहा मागवला आणि मधूनमधून घड्याळाकडे पाहत गप्पा मारल्या. कानवाल्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

"बरं, ती मास्तरीण आठवते?" उठता उठता जोडीदार म्हणाला. "'माझ्या स्वयंपाकघराखाली पाणी वाहतंय' म्हणत तीन वेळा आली होती ती?"

आठवत होती. निवृत्त शिक्षिका, पांढरे केस, ठाशीव बोलणं. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात कानवालेच तिच्याकडे गेले होते आणि 'कोरडं' असा शेरा मारून आले होते.

"गेल्या महिन्यात फरशी खचली. बाई मांडीपर्यंत आत. पाय मोडला."

"पाइप फुटला होता?"

"सहा महिने तरी फुटलेला असणार. खालची सगळी माती वाहून गेली होती. आम्ही घरच्यांना सांगितलं, अचानक फुटला. उगीच वाढवायचं कशाला? तुम्ही मनाला लावून घेऊ नका. प्लॅस्टिकचा पाइप, तो कुणाच्या बापाला ऐकू येणार?"

कानवाले घरी चालत आले. त्या दिवसापासून सूं नुसता सूं राहिला नाही. त्याच्याखाली पोकळी आली. ते स्वयंपाकघरात चवड्यांवर चालायला लागले. बायको भिंतीशी बसली की म्हणायचे, "इथे बसू नकोस, इकडे ये." फरशीवर पाऊल टाकताना त्यांना पांढरे केस दिसायचे, खाली जाणारे. ते कुणाला सांगायची त्यांची छाती नव्हती.

दुसऱ्या सहलीत, तळ्याकाठच्या गावातल्या हॉटेलात, तर त्यांनी कहरच केला. आवाज ऐकू आल्याबरोबर मॅनेजरला बोलावलं, माणसं मरतील म्हणून हातपाय आपटले, शेवटी त्यानं कंटाळून गवंडी आणला. न्हाणीघराच्या चार टाइल्स निघाल्या. आत सिमेंट आणि धूळ, ओलाव्याचा टिपूसही नाही. शेजारच्या खोलीतला एक गृहस्थ टॉवेल गुंडाळून, तोंडात ब्रश धरून हा तमाशा बघत उभा होता. बायकोनं खाली वाकून टाइल्सचे तुकडे बादलीत भरले.

परतीच्या बसमध्ये पाच तास ती खिडकीबाहेर बघत होती. घर जवळ आल्यावर म्हणाली, "मघाशी तुमच्या खिशात फोन वाजत होता. दोनदा. कान दाखवून घ्या."

"कानांना काय झालंय माझ्या?"

"तेच विचारून घ्या."

तिसरी सहल तिनं एकटीनं ठरवली. कुठे जायचं ते सांगितलंही नाही. आधी बस, मग दोन तास पायवाट, आणि वर डोंगरमाथ्यावर एक दगडी खोपटं. राखणदार नवरा-बायकोनं दार उघडून दिलं. टळटळीत दुपार, वारा पडलेला. कानवाले जरा आडवे झाले आणि ताडकन उठून बसले.

बायकोनं बॅगेतून काठीचे तिन्ही तुकडे काढून त्यांच्या हातात दिले. काठी कुठे असते ते तिला पहिल्या सहलीपासून ठाऊक होतं.

त्यांनी भिंतीवर ऐकलं, जमिनीवर ऐकलं. "आहे. इथेही आहे. मुख्य लाइन कुठून येते हो?"

राखणदाराला हसू आवरेना. "लाइन? साहेब, खालच्या झऱ्यावरून कॅन भरून आणतो आम्ही. अर्धा तास उतरायचं, पाऊण तास चढायचं. या अख्ख्या डोंगरावर पाइप नाही."

कानवाल्यांनी बायकोकडे पाहिलं.

"मी विचारूनच ठरवलं होतं," ती म्हणाली. "तुम्हीच सगळ्यांना शिकवत होतात ना? उचला काठी."

त्यांना काठी उचलवेना. दोन वर्षं त्यांनी रिकामं ऐकलंच नव्हतं. ऐकायचे, फुली मारायचे आणि पुढे जायचे. शेवटी त्यांनी ती उचलली, हवेत धरली, वाटीला कान लावला. सूं. जसाच्या तसा.

ते उंबऱ्यावर बसले आणि रडले. मग बोलले. "बाईंच्या घरी मला ऐकू आलं होतं गं. चांगलं ऐकू आलं होतं. पण तीन फुल्या कोरड्या निघालेल्या. चौथी निघाली असती तर निरोपाच्या आठवड्यात माझं हसं झालं असतं. म्हणून कोरडं लिहिलं. काठी उचलली असती तर तेव्हाच कळलं असतं, कान कामातून गेलेत. दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं."

तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण समजूत घातली नाही. "मला काय सांगताय? त्यांना सांगा."

चार दिवसांनी ते मास्तरणीच्या दारात उभे होते. सुनेनं दार उघडलं. बाई खुर्चीत होत्या, पाय स्टुलावर. आत स्वयंपाकघरात नव्या फरशीचा चौकोन वेगळा दिसत होता. कानवाले त्या चौकोनापासून होईल तितके लांब बसले.

"काठी नाही आणलीत?" बाईंनी विचारलं.

"नाही."

त्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. पाइप अचानक फुटला नव्हता, सहा महिने फुटलेला होता, हेही. बाईंनी विद्यार्थ्याचं पाठांतर ऐकावं तसं ऐकलं.

मग म्हणाल्या, "तुम्ही गेलात त्यानंतरही मला ऐकू येत होतं. रोज. पण एवढा जाणता माणूस नाही म्हणतोय, म्हटल्यावर मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय. मुलाला सांगितलं, मला नसलेले आवाज येतात म्हणून. तेव्हापासून ही दोघं मला गॅसला हात लावू देत नाहीत. घराच्या किल्ल्या मागितल्या, मी दिल्या. पायाचं काय, पाय जुळेल." त्यांनी कानवाल्यांकडे रोखून पाहिलं. "म्हणजे माझे कान ठीक होते?"

"ठीक होते, बाई. गेले होते ते माझे."

"सूनबाई!" बाईंनी आत हाक मारली. "इकडे ये. त्यालाही बोलाव."

मुलगा आणि सून येऊन उभे राहिले. बाई कानवाल्यांना म्हणाल्या, "आता पुन्हा सांगा. पहिल्यापासून. आणि मोठ्यानं."

कानवाले उठून उभे राहिले. कानात सूं चालूच होता. त्याच्यावर आवाज चढवून त्यांनी एकूण एक सांगितलं, तीन फुल्यांपासून शेऱ्यापर्यंत. मुलगा खाली बघत होता. सून आत गेली, किल्ल्यांचा जुडगा घेऊन आली आणि तिनं तो सासूच्या मांडीवर ठेवला.

बाईंनी जुडगा उचलला, कानाशी धरून हलवला, पुन्हा हलवला आणि हसल्या. किल्ल्या खुळखुळल्या असणार. कानवाल्यांना त्या फक्त दिसल्या.