खांद्यात दाबलेला फोन

सासू अंथरुणाला खिळल्या म्हणून उमेळ्याच्या हंसाबाई म्हात्र्यांनी २००१ साली शाळेची नोकरी सोडली. शिकवणं मात्र सुटलं नाही. दादरची एक खाजगी संस्था सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या कामगारांना पोस्टाने धडे पाठवायची. त्यांचे गणिताचे पेपर तपासायचे आणि संध्याकाळी पाच ते आठ त्यांच्या शंका फोनवर सोडवायच्या, हे काम बाईंनी घरी घेतलं.

फोन खिडकीत होता, वायर आखूड. बाई तिथेच स्टुलावर बसायच्या. पेपर मांडीवर, रिसीव्हर मान वाकवून डाव्या खांद्यात दाबलेला. उजवा हात आकडेमोड करत राहायचा. अशी दोन वर्षं गेली.

मान आधी सकाळी आखडायची. बाई मिठाच्या पुरचुंडीने शेकायच्या. मग दोन्ही खांद्यांच्या मधोमध खिळा ठोकल्यासारखं दुखू लागलं. पुढे पुढे मान खाली घातली की पाठीतून करंट उतरायचा, थेट पायांपर्यंत.

"डॉक्टरला दाखव," नवरा जयवंत म्हणाला.

"मार्चची परीक्षा होऊ दे. बत्तीस जण आहेत माझ्या भरवशावर."

फेब्रुवारीत दुखणं एकदम कमी झालं. बाईंना हायसं वाटलं.

त्याच आठवड्यात श्रीपतचा फोन आला. सातिवलीच्या एका प्लास्टिकच्या गाळ्यात मशीनवर काम करणारा, अडतीस वर्षांचा माणूस. बीजगणित विचारून झालं, तरी तो फोन ठेवेना.

"बाई, रागवू नका. माझे पेपर तुम्हीच तपासता ना?"

"मग कोण तपासणार?"

"अक्षर बदललंय तुमचं. आमच्या फोरमनला लकवा झाला, तेव्हा त्याची सही अशीच होत गेली होती."

बाईंनी हसून फोन ठेवला. मग कपाटातून दिवाळीआधीचा एक पेपर काढला आणि कालच्या पेपराशेजारी ठेवला. जुन्यावरचा शेरा ठसठशीत होता. कालचा शेरा ओळीखाली घसरत गेला होता, आणि लिहिताना त्यांना त्याचा पत्ताही लागला नव्हता.

बाई अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढायला गेल्या. परत आल्या तेव्हा जयवंत त्यांच्या पायांकडे बघत राहिला.

"अगं, एक चप्पल कुठे आहे?"

बाईंनी खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी होता, मोरीच्या पाण्याच्या चिखलाने भरलेला. चप्पल केव्हाच मागे राहिली होती. पायाला गार लागलं नव्हतं, ओलं लागलं नव्हतं, काहीच लागलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी बाई मुंबईच्या डॉक्टरांपुढे बसल्या. डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली. "मानेत मज्जारज्जू दाबला गेलाय. झीज जुनी असणार, पण फोन खांद्यात दाबून, रोज मान वाकवून तुम्ही ती वाढवलीत. कधी आला असतात तर बरं झालं असतं, ते आता विचारू नका."

"पण दुखणं तर थांबलं होतं."

"त्याचीच भीती असते. नसा बधिर झाल्या की दुखणंही कळेनासं होतं."

दहा दिवसांनी ऑपरेशन झालं. पाय थोडा सावरला. उजव्या हाताची बोटं तशीच राहिली. पेन धरलं की ती हळूहळू उघडायची आणि पेन खाली पडायचं. संस्थेने बाईंचे विद्यार्थी दुसऱ्या शिक्षिकेकडे दिले. जूनमध्ये श्रीपत पेढे घेऊन आला. बाईंनी डाव्या हाताने पेढा घेतला आणि त्याला अकरावीचं विचारत राहिल्या.

सहा महिन्यांनी तपासणी होती. डॉक्टरांनी छोट्या हातोडीने उजव्या कोपरावर ठोकलं, मग डाव्या. डावा हात जरा जास्तच उडाला. त्यांनी पुन्हा ठोकलं. तो पुन्हा उडाला, ऑपरेशनआधी उजवा उडायचा तसाच.

"या हातातून वस्तू पडतात का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे, अजून तरी नाही."

डॉक्टर बराच वेळ लिहीत होते. मग मान वर न करता म्हणाले, "पुढच्या वेळी मिस्टरांना बरोबर आणा."