न घेतलेलं कर्ज

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. लोहारा तालुक्याच्या बाजूला मी एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात सास्तूरकडचा एक माजी फौजी आत आला. सुरुंगात पाय गेलेला, पण कृत्रिम पायावर ताठ चालायचा. हातात बँकेची नोटीस.

"साहेब, मला कर्ज दिलंच न्हाय, मग थकलं कसं? माझं घर लिलावात काढायलेत."

खाली बसवून सगळं ऐकलं. आंघोळीला पाय काढून ठेवावा लागे, बायकोचा आधार घेतल्याशिवाय न्हाणीत जाता येत नसे. म्हणून घर गहाण ठेवून कठडे लावलेली न्हाणी बांधायची होती. मॅनेजरनं तोंडावर सांगितलं, "अपंग माणूस हप्ते कसे भरणार?" अन् पेन्शन दरमहा त्याच बँकेत जमा होत होती! अर्ज फेटाळला, पण घराचे कागद अर्ज भरून देणाऱ्या एजंटाकडंच राहिले. "दुसऱ्या बँकेत बघतो," म्हणाला होता तो.

फौजीला घेऊन मी बँकेत गेलो.

"फाईल चोख आहे," मॅनेजर म्हणाला. "फौजींनी माझ्यासमोर सही केली. कुबड्या होत्या ना त्यांना!"

"मी कुबड्या कधीच धरल्या न्हाईत," शेजारून फौजी म्हणाला.

मॅनेजर फाईल चाळायला लागला. याच खोलीत त्यानं या माणसाला नकार दिला होता. तेव्हा पाय बघितला, पुढं कर्ज देताना कुबड्या बघितल्या. तोंड एकदाही बघितलं नाही. माझा नुसता संताप झाला.

एजंटाला ठाण्यात आणलं. गडी लई बिलंदर.

"फौजीनंच उचललं, साहेब. घरपट्टीसुद्धा त्यानंच भरली, पावती हाय."

आमच्याकडच्या एजंटांची ही सवयच. फाईल अडू नये म्हणून घरावरची बाकी परस्पर भरून टाकायची.

"अरे शहाण्या, माजी सैनिकाला घरपट्टी माफ असते. माफ असलेली पट्टी तो कशाला भरेल?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हप्त्यांची हमी मॅनेजरला स्वतः देऊन, कर्ज उचलायला हायवेवरच्या ढाब्यातला एक लंगडा माणूस फौजी म्हणून उभा केल्याचं त्यानं कबूल केलं. दोघांना अटक झाली, लिलाव थांबला.

नंतर मॅनेजर ठाण्यात आला. माझा हात धरून म्हणाला, "सॉरी साहेब, चूक झाली."

"घर माझं जात होतं का? फौजी बाहेर बाकावर बसलेत. त्यांच्याकडं बघून बोला."

तो बाहेर गेला, मान खाली घालूनच काहीतरी पुटपुटला.

तोतयाला कायद्यानं शिक्षा होते. पण समोरच्याला माणूस न समजणाऱ्याला लावायचं कलम मला नोकरीभर सापडलं नाही. खोट्या फौजीला त्या बँकेनं बसायला खुर्ची देऊन कर्ज दिलं. खऱ्याची न्हाणी अजून बांधायची आहे.