परत मागवलेल्या आठ गाद्या

पास्कल इनास डाबरे (जन्म निर्मळ, वसई, १९४२, निधन स्कारबरो, कॅनडा, २०१९) यांनी एका कारखान्याचे भांडार एकतीस वर्षे सांभाळले आणि निवृत्तीनंतर तीच शिस्त घरात व रविवारच्या प्रार्थना मंडळात चालू ठेवली. सदोष म्हणून परत मागवलेल्या वस्तूंची सरकारी यादी ते सकाळच्या चहाबरोबर वाचत. इतर लोक हवामान पाहतात तसे.

२०१६ च्या नाताळात त्यांनी मंडळातील आठ घरांना गाडीच्या सीटवर घालायची विजेची गादी भेट दिली. लायटरच्या सॉकेटमध्ये प्लग खोचला की कंबर उबदार. फेब्रुवारीत त्याच गादीचे नाव यादीत झळकले: आतली तार अति तापते, सीट पेटू शकते, वापर ताबडतोब थांबवावा.

पास्कल फोनला बसले. अडचण निराळीच निघाली. आपल्या लोकांत आलेली भेट पुढे देऊन टाकणे सर्रास चालते. ते कबूल करणे मात्र मुळीच चालत नाही.

"वापरते तर!" मंडळातल्या रिटा लोपीस म्हणाल्या. "कंबर अशी शेकते म्हणून सांगू, अंकल!"

"मग प्लग काढा आणि गादी घेऊन या. आग लागू शकते."

"आग? आणते की. सापडली की आणते."

"सापडली की? रोज बसता ना तिच्यावर?"

फोन कट झाला.

दोन घरांनी गादी आणून दिली. उरलेल्या सहांनी तिची तोंडभरून स्तुती केली, दाखवली एकानेही नाही. पास्कलना रागापेक्षा धास्ती वाटू लागली. त्या गाद्या कोणाच्या तरी खाली तापत होत्या आणि कोणाच्या, हे केवळ संकोचापायी कळत नव्हते.

रविवारी मंडळात रोजरीची प्रार्थना संपताच ते उभे राहिले.

"रिटाबाय, तुम्ही मला दिलेला डिनर सेट मी ब्रायनच्या लग्नात देऊन टाकला. खोकासुद्धा उघडला नाही."

मंडळातल्याच ब्रायनने मान खाली घातली.

"अरे देवा!" रिटाबाई ओरडल्या. "तो ब्रायनने मला हाउसवॉर्मिंगला दिला! तरीच म्हटलं, ही फुलं कुठंतरी पाहिलीत!"

हशा ओसरेपर्यंत एकेकाने कबुली दिली आणि पाच गाद्यांचा पत्ता लागला. सहावी रिटाबाईंनी भाचीला, व्हिटबीच्या ग्लेन्डाला दिली होती. तिला तिथूनच फोन लावला.

"हो आंटी, ड्राइव्हच करतेय, हँड्स-फ्रीवर आहे. गादीला जरा जळका वास येतोय, पण सो कोझी!"

आयुष्यात कधी आवाज न चढवलेले पास्कल गरजले, "ग्लेन्डा, प्लग ओढ! गाडी बाजूला घे आणि खाली उतर!"

थोड्या वेळाने तिचा बारीक आवाज आला. "उतरले, अंकल. सीटला काळा डाग पडलाय. पण आय ॲम ओके."

पास्कल खुर्चीत बसले. रिटाबाईंनी न विचारता त्यांच्या हाती चहा दिला.

आठही गाद्यांच्या तारा कापून त्या रीतसर कंपनीकडे रवाना झाल्या. बदली म्हणून नव्या, तपासलेल्या सात गाद्या आल्या. ग्लेन्डाची आठवी येणे आहे. तिच्यासाठी पास्कल यांनी अकरा स्मरणपत्रे लिहिली. बारावे त्यांच्या पश्चात रिटाबाईंनी पाठवले असून उत्तराची वाट पाहणे चालू आहे.