तात्यांच्या बॅनरचा फॉन्ट

कर्जतच्या बाजारात नम्रताचं फ्लेक्स आणि पत्रिका छापायचं दुकान. सुरुवातीला ती गिऱ्हाइकांना समजावायची, की फॉन्ट म्हणजे अक्षराचं वळण. आकार वेगळा, ठळकपणा वेगळा. पण "फॉन्ट मोठा करा" म्हणणाऱ्याला नवरदेवाचा फोटो मोठा हवा असायचा आणि "फॉन्ट बोल्ड करा" म्हणणाऱ्याला लाल रंग. ती कंटाळली. खोपोलीची कंपनी बंद पडल्यावर नवरा, विपुल, दुकानात बसू लागला, तेव्हा पहिला धडा तिनं हाच दिला, "गिऱ्हाईक फॉन्ट म्हणालं की फोटो, रंग, चौकट, सगळंच समजायचं. वाद घालायचा नाही."

त्या दिवशी पहाटे तिचे वडील, मालोजीअण्णा, घरातून निघून गेले. वर्षभर त्यांना काही आठवत नव्हतं. लेकीला कधी आई म्हणत, कधी बाई. उभा जन्म खोपोलीच्या कारखान्यात गेलेला, म्हणून नम्रता आधी तिकडेच धावली. गेटपाशी, एसटी स्टँडवर, दवाखान्यात, कुठेच नाहीत. तिथूनच तिनं विपुलला फोन केला.

"चारफाट्यावर अण्णांचा फ्लेक्स लाव. हरवले आहेत म्हणून. फॉन्ट तुझ्या तात्यांच्या बॅनरचाच घे, लांबून वाचता येतो."

तात्या म्हणजे विपुलचे काका, दिवाळीत वारलेले.

"लगेच करतो. तू खाल्लंस का काही?"

तिनं फोन ठेवला होता.

संध्याकाळी ती कर्जतला उतरली, तर स्टेशनबाहेर पोपट रिक्षावाल्यानं हात जोडले.

"ताई, लय वाईट झालं. अण्णा देवमाणूस."

"सापडले? कुठं?"

"सापडले म्हंजे? बॅनर लागलाय ना चारफाट्याला. हार पन घातलाय कोनी."

"अरे, हरवलेत ते!"

पोपट खालच्या आवाजात म्हणाला, "मंग ताई, दुपारी पळसदरीला धरणाच्या वाटंनं एक म्हातारा चाललेला. डिट्टो अण्णा. थांबवनार होतो. पन म्हटलं, ते तर गेले. हा दुसरा कोनतरी."

ती रिक्षात बसली. "चल. आधी चल."

चारफाट्यावर अण्णा दिसले. काळी चौकट, कोपऱ्यात पांढरी फुलं, मधोमध फोटो, सगळं तात्यांसारखंच. 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या जागी त्याच वळणात 'हरवले आहेत', खाली दुकानाचा नंबर. वर झेंडूचा हार. अक्षर खरंच लांबून वाचता येत होतं. कुणी वाचलं नव्हतं.

तेवढ्यात विपुलचा फोन. "बघितलास का गं? तू म्हणालीस तोच फॉन्ट घेतलाय, काहीच बदललं नाही. दिसतोय ना?"

शिव्या घालाव्यात असं तिला वाटलं. पण धडा तिचाच होता.

"दिसतोय," ती म्हणाली. "काढ तो. आत्ताच्या आत्ता काढ."

धरणाच्या बांधावर ऊन उतरलं होतं. चारदोन पोरं फोटो काढत उभी होती. पोपटनं अण्णांना पाहिलं होतं ती वाट रिकामी. नम्रतानं मोबाइलवरचा फोटो पुढे धरला. "हे दिसले का रे इकडं? चट्ट्यापट्ट्याचा शर्ट आहे अंगात."

एकानं वाकून पाहिलं आणि मान वर केली.

"काकी, हे तर वारले ना? येताना बॅनर पाहिला आम्ही."

बाकीच्यांनी मग फोटोकडे पाहिलंच नाही. ती पाण्याकडे तोंड करून अण्णांना हाका मारू लागली.