नीलतारा क्लब आणि राखेची रेघ

नीलतारा फुटबॉल क्लबाचा एक किस्सा सांगायला बसावं, तर सहा निघतात. परवा कौसाबाई आल्ती. चहा पिऊन लगेच निघते म्हणाली, आणि दिवेलागण झाली तरी आम्ही दोघी मनाने मालधक्क्यामागच्या मैदानावरच! लोक मला विचारतात, बाई, तुम्ही कधी बॉलला पाय लावला का? नाही लावला. पण क्लब वाचवला तो बॉलला पाय लावणाऱ्यांनी नाही, हे लिहून ठेवते.

०

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. आमची टीम म्हणजे हमाल, टांगेवाले, दोन प्यून, आणि कॅप्टन माझा नवरा किसन. सेक्रेटरी वस्तीतल्या शाळेचे मास्तर. मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या की चुना पोरांच्या डोळ्यात जायचा. म्हणून आम्ही बायका चुलीतली राख चाळून आणायचो आणि रेघाही आम्हीच मारायचो. पुरुषांनी कधी राखेला हात लावला नाही. इज्जतीचा सवाल होता म्हणे.

मास्तरांनी नियम केला, ज्याच्या चुलीची राख मैदानावर, त्याचं नाव क्लबाच्या रजिस्टरात. माझी राख आली आणि त्यांनी लिहिलं, किसन. मला वाचता येत नव्हतं, पण मास्तरांना लिहिताना पुटपुटायची सवय.

"मास्तर, राख कुणी आणली?"

"तुम्ही."

"मंग किसन कुठून आला?"

मास्तरांनी किसन खोडलं, सोजरबाई लिहिलं. माझं बघून बाकीच्या बायकांनीही नवऱ्यांची, पोरांची नावं खोडून आपापली लावून घेतली. पुढे मास्तर बराबर लिहितात की नाही हे तपासायला मी त्याच रजिस्टरावरून अक्षरं शिकले. शाळेची पायरी चढले नाही, आणि आज हे मीच लिहून राह्यले.

०

मी रेघ मारताना मधे कुणी उभं राहायचं नाही, हा माझा कायदा. एकदा औरंगाबादहून रेफ्री आल्ता. गळ्यात शिट्टी, पायात काळेभोर पॉलिशचे बूट, आणि उभा नेमका कॉर्नरवर. म्हटलं, साहेब, सरका. सरकला नाही. मी त्याच्या बुटांवरून रेघ ओढली आणि पुढे गेले. अख्खी मॅच बिचारा राखेच्या पायांनी पळाला!

त्या दिवशी सगळ्यात जास्त हसले ते शेठजी. शेठजी म्हणजे जिमखान्याचे अध्यक्ष. जिमखाना हा पेठेतल्या व्यापाऱ्यांचा क्लब. त्यांच्याकडे बूट होते, गोलाला जाळी होती. मैदान तेवढं नव्हतं.

०

आमचा गोलकीपर रहीमभाई टांगा हाकायचा. मॅचच्या दिवशी घोडा गोलामागेच बांधलेला, समोर गवताची पेंढी. जिमखान्याचा एक खेळाडू नवे बूट घालून आल्ता. धावत आला, असा काही फटका मारला की बॉल गोलाच्या कितीतरी वरून गेला आणि घोड्याशेजारी आदळला. घोड्याने मान वर केली नाही, खात राहिला.

रहीमभाई शांतपणे म्हणाला, "मेरे घोडे को भी मालूम था, गोल नहीं होनेवाला."

०

आणि मंग एक दिवस शेठजी जीपमधून आले. म्हणाले, दोन क्लब कशाला, एकच करू. तुमच्या पोरांना बूट देतो, जाळी देतो. नाव जिमखान्याचं राहील, जर्सी पांढरी होईल. मैदानाला भिंत घालू, गेट लावू.

म्हणजे आमचं नाव गेलं, निळी जर्सी गेली, आणि आमच्याच मैदानावर आम्ही गेटाबाहेर! शेठजींनी हे सगळं इतक्या प्रेमाने सांगितलं की टीमचे अकराही जण माना डोलावून राह्यले.

कौसाबाई सगळ्या टीमच्या जर्स्या धुवायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पांढरी जर्सी? या काळ्या मातीत? धुवायला शेठाणी येणार का?"

शेठजींनी जीप चालू करायला सांगितली.

०

कॅप्टन म्हणून किसनला बूट आधीच मिळाले. बिलकुल नवे, खाली खिळ्यांसारखे गट्टू. घरात घालून आरशासमोर उभा राहिला, इकडे गेला, तिकडे गेला. मी सकाळीच सारवलेली जमीन! चाळणी झाली. मी त्याच्या हातात शेणाची पाटी दिली. निमूट सारवली त्याने, हात धुतले, आणि बूट घालून त्याच जमिनीवरून बाहेर गेला. परत सारवायला लावली.

दुसऱ्यांदा सारवताना मान खाली घालून म्हणाला, "सोजर, अनवाणी किती दिवस खेळायचं?"

त्याचा अंगठा दोनदा फुटला होता, दोन्ही वेळा मीच चिंधी बांधली होती. पाटी त्याच्या हातातून घेतली आणि उरलेली जमीन मीच सारवली.

०

निकाल मैदानावरच लावायचं ठरलं, रविवारी मॅचच्या आधी, हात वर करून. शेठजींचा वकील हुशार. त्याला भीती, की अख्खी वस्ती येऊन विरोधात हात वर करील. म्हणून त्याने अट घातली, क्लबाच्या रजिस्टरात नाव असेल त्यालाच मत.

मास्तरांनी विचारलं, "नक्की?"

"नियम म्हणजे नियम," वकील म्हणाला.

मास्तरांनी परत विचारलं. वकील चिडला. मंग मास्तरांनी ते कागदावर लिहून घेतलं, त्याची सही घेतली.

रविवारी शेठजी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसले. एक होण्याच्या बाजूने कोण, असं विचारल्याबरोबर अकरा हात वर. शेठजी हसले. मास्तरांनी रजिस्टर उघडलं आणि नावं वाचायला लागले. कौसाबाई. शांताबाई. रहीमभाईची अम्मी. पानामागून पान बायकाच!

किसनचा हात अजून वरच. "मास्तर, माझं?"

"होतं. सोजरबाईंनी खोडायला लावलं."

मास्तरांनी बायकांकडे बघून तोच सवाल परत केला. एकही हात हलला नाही. रहीमभाईने अम्मीकडे पाहिलं आणि आपला हात हळूच खाली घेतला. किसन मटकन खाली बसला, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट शेठजींच्या खुर्चीशेजारी नीट जोडून ठेवले आणि अनवाणी आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

शेठजी माझ्याकडे वळले. "बाई, तुमचा फुटबॉलशी संबंध काय?"

चारला मॅच होती. मी राखेचं घमेलं कमरेवर घेतलं आणि कॉर्नरपासून रेघ धरली. खुर्ची बराबर रेघेवर होती. मी वाकून तिथवर पोचले, आणि शेठजींनी दोन्ही पाय वर उचलून घेतले.

मी रेघ पुढे नेली.