पेटीत अडकलेले बाबा आणि जळोचीचे तात्या

मंडळी, आज दुपारी बाबांसोबत टीव्हीवर सिनेमा पाहत होते. जुन्या काळातले दोन जादूगार एकमेकांवर मात करायच्या वेडापायी आयुष्याची माती करून घेतात. बाबांनी मध्येच टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "मला जळोचीला घिऊन चल. तात्यांना भेटायचंय."

नव्वदच्या दशकात बाबा गावोगावच्या जत्रांत जादूचे प्रयोग करायचे. तात्या त्यांचे प्रतिस्पर्धी. कुलूपबंद पेटीतून बाहेर येण्याचा तात्यांचा खेळ बाबांच्या डोक्यात इतका बसला, की त्यांनी तशीच पेटी बनवली आणि पुरेसा सराव न करताच इंदापुरात प्रयोग लावला.

आतली छुपी कडी अडकली. बाबा आतून धडका मारत होते आणि खेळच चाललाय असं समजून लोक टाळ्या वाजवत होते.

प्रेक्षकांत बसलेल्या तात्यांनी मात्र ओळखलं. त्यांनी पेटी उघडली आणि लोकांना सांगितलं, "आमी दोघांनी बसवलेला खेळ हाय ह्यो!"

लाजेपोटी बाबा त्यांच्याशी पुन्हा कधी बोललेच नाहीत. हे सगळं मला आज गाडीत कळलं.

"तात्या, आभार मानायचं राहूनच गेलं," जळोचीला पोचताच बाबा त्यांचे पाय धरून म्हणाले.

तात्यांचे डोळे भरले. "टाळ्या तुलाच जास्त पडायच्या. म्हणून पेटी उघडायच्या आधी मी घडीभर थांबलो हुतो रं. त्याची अजून लाज वाटती."

बाबा म्हणाले, "पण आलात न्हवं?"

इंदापूरच्या त्या प्रयोगानंतर दोन वर्षांनी माझा जन्म झाला. आज मीही तात्यांच्या पाया पडले.

तुमचे कुणाचे आभार मानायचे राहिलेत?